मुरूडच्या वाचनालयातील अभ्यासवर्ग : ओमोटिक भाषकांचे मूळ

मुरूडमधील एका वाचनालयाने सलग तीन संध्याकाळी घेतलेला, ओमोटिक भाषा बोलणाऱ्या समाजांवरचा अभ्यासवर्ग मी पूर्ण केला आणि 300 रुपये शुल्कात इतके सकस काही पदरात पडले याचे समाधान वाटते.

पहिली संध्याकाळ परिचयाची होती. नैऋत्य इथिओपियातील वोलायता, गामो, काफा, आरी, हामर या समाजांच्या भाषांना पूर्वी पश्चिम कुशितिक, म्हणजे ईशान्य आफ्रिकेतील कुशितिक भाषागटाचाच भाग, म्हणत. 1969 मध्ये भाषा-अभ्यासक हॅरोल्ड फ्लेमिंग यांनी त्यांची वेगळी शाखा मांडली; तीच ओमोटिक. आपल्या वाडीतल्या केळीसारखेच दिसणारे एन्सेट तेथे फळासाठी नव्हे, तर गड्डा आणि खोडाचा गर आंबवून भाकरी करण्यासाठी लावतात, हे ऐकून सभागृहातील बागायतदार सावरून बसले.

वर्गाचा खरा कस दुसऱ्या संध्याकाळी लागला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कवटीची मापे, नाकाची रुंदी आणि कातडीचा रंग यांवरून लोकांचे मूळ ठरवले जाई. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ चार्ल्स सेलिगमन यांनी 1930 मध्ये मांडलेल्या ‘हॅमिटिक’ कल्पनेत तर आफ्रिकेतील प्रगतीचे श्रेय बाहेरून आलेल्यांना दिले गेले. आरी समाजात शेतकरी लोहारांशी सोयरीक करीत नाहीत, म्हणून लोहार हे प्राचीन शिकाऱ्यांचे अवशेष असावेत, असाही एक तर्क होता. 2015 मधील जनुकीय अभ्यासात मात्र दोन्ही गटांचे पूर्वज एकच निघाले. वेगळेपण आले ते लोहारांना बहिष्कृत ठेवल्यामुळे. व्याख्यात्यांनी हे घाई न करता, आकृती काढून समजावले.

तिसऱ्या संध्याकाळी गामो डोंगरातील मोटा गुहेत सापडलेल्या, सुमारे 4,500 वर्षांपूर्वीच्या माणसाचा विषय होता. त्याचे आजच्या आरींशी सर्वांत जवळचे नाते आहे. या माणसाच्या जनुकांवरील शोधनिबंधातील, युरेशियातून परतलेल्यांचा वारसा आफ्रिकाभर पसरल्याचा दावा 2016 मध्ये संशोधकांनीच दुरुस्त केला, हेही व्याख्यात्यांनी आवर्जून सांगितले, याचे मला विशेष मोल वाटते.

जंजिऱ्याचे सिद्दी तिकडचेच का, असा प्रश्न अपेक्षेप्रमाणे आला. ‘हबशी’ हे नाव निरनिराळ्या आफ्रिकी लोकांना सरसकट लावले गेले, त्यामुळे केवळ नावावरून किंवा चेहऱ्यावरून उत्तर देता येणार नाही, असे व्याख्यात्यांनी स्पष्ट केले आणि याच किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलेल्या बेने इस्रायलींचा दाखला दिला.

एक दोष मात्र गंभीर आहे. वाटलेल्या टिपणांत कवटीच्या मापांचा जुना तक्ता कोणत्याही खुलाशाविना छापला होता, आणि माझ्या शेजारची अकरावीतील मुलगी तो पाहून, ‘म्हणजे हे दोन वेगळे वंश का?’ असे विचारू लागली. पुढच्या वर्गात तक्ता ठेवायचाच असेल, तर त्याच पानावर आरी लोहारांविषयीचा निष्कर्ष छापावा आणि प्रश्नांसाठी अर्धा तास वाढवून द्यावा.