तलवार आणि संवाद यांचा तोल : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या स्टार्टर सेटचे परीक्षण

टेबलावर खेळल्या जाणाऱ्या कल्पनारम्य भूमिकाखेळांत लढाई आणि भूमिका यांच्यातला एक ताण मुळापासूनच आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला, तेव्हा तो लघुसैनिक मांडून खेळायच्या युद्धखेळांतून वर आला होता, आणि म्हणूनच लढाईचे नियम त्याच्या हाडामांसात आहेत. पात्राची भूमिका वठवण्याची गोडी खेळणाऱ्यांनी हळूहळू वाढवत नेली. पाचव्या आवृत्तीने शोध, संवाद आणि लढाई हे खेळाचे तीन आधारस्तंभ मानले. नवख्या गटाच्या हाती हे तिन्ही खरोखर सारख्या वजनाने पडतात का, हे तपासायला याच आवृत्तीचा, नवख्यांसाठी काढलेला २०१४ चा स्टार्टर सेट उत्तम आहे, कारण बहुतेकांच्या सवयी पहिल्या मोहिमेतच घडतात. (पुढे कथानकातील बऱ्याच गोष्टी उघड केल्या आहेत, ज्यांना पात्र म्हणून खेळायचे आहे, त्यांनी येथेच थांबावे.)

खोक्यात ३२ पानांची नियमपुस्तिका, ‘लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर’ या मोहिमेचे ६४ पानांचे पुस्तक, पाच तयार पात्रे आणि सहा फासे आहेत. स्वतःचे पात्र घडवण्याचे नियम यात नाहीत. ही उणीव वाटेल, परंतु माझ्या मते हीच या संचाची सर्वांत शहाणपणाची निवड आहे, कारण प्रत्येक तयार पात्राच्या कागदावर त्याचा स्वभाव, ध्येय, बांधिलकी आणि दोष लिहिलेले आहेत आणि त्याचे एक वैयक्तिक उद्दिष्ट मोहिमेतील एखाद्या ठिकाणाशी बांधलेले आहे. हाफलिंग (बुटक्या लोकांपैकी) चोराला रेडब्रँड या गुंडांच्या टोळीचा हिशेब चुकता करायचा आहे. ड्वार्फ (ठेंगण्या, दणकट जातीच्या) धर्मोपदेशकाचे कथेतील बेपत्ता रॉकसीकर बंधूंशी नाते आहे. त्यामुळे ज्याने आयुष्यात कधी भूमिका वठवलेली नाही, त्यालाही ‘माझे पात्र येथे काय करील’ या प्रश्नाचे उत्तर शोधायला कागदावरच आधार मिळतो, आणि लढाईत उतरताना तो कशासाठी लढतो आहे हे त्याला ठाऊक असते.

खटकते ती सुरुवात. मोहीम उघडते ती रस्त्यावरच्या हल्ल्याने, आणि दबा धरून बसलेले चार गॉब्लिन (छोटे, कपटी राक्षस) पहिल्या पातळीच्या पात्रांना सहज लोळवू शकतात. त्यापुढच्या गुहेतील क्लार्ग हा बगबेअर (गॉब्लिनांचा धिप्पाड, केसाळ भाऊबंद) एका घावात सरासरी ११ प्राणांक, म्हणजे घाव सोसण्याच्या ताकदीचे गुण, हिरावतो, म्हणजे जादूगार एकाच घावात आडवा होऊ शकतो. कोणाशीही चार शब्द बोलण्याआधी खेळाडू हे शिकतो की समोर दिसेल त्याच्यावर आधी वार करावा. एकदा ही सवय लागली की पुढे मोहीम कितीही दारे उघडो, गट त्या दारांकडे पाहतच नाही.

वास्तविक दारे भरपूर आहेत, आणि ती फार विचारपूर्वक ठेवलेली आहेत. त्याच गुहेत यीमिक नावाचा गॉब्लिन सिल्डर या कैद्याला कड्याच्या टोकाशी धरून तहाची बोलणी लावतो : क्लार्गचे शीर आणा आणि माणूस घेऊन जा. तो शब्द फिरवणारा आहे, आणि नेमके म्हणूनच ते बोलणे रंगते. पुढे ओल्ड आउल वेल येथे हामुन कोस्ट हा मृतांना उठवणारा मांत्रिक भेटतो. त्याच्या तंबूभोवती बारा झॉम्बी असूनही तो लढण्यापेक्षा सौदा करायला तयार असतो. ॲगाथा या बॅन्शीची, म्हणजे आक्रोश करणाऱ्या स्त्रीच्या भुताची, तर गोष्टच वेगळी. तिचा आक्रोश ज्याला सोसत नाही, तो थेट शून्य प्राणांकांवर कोसळतो. अशा वेळी चांदीचा कंगवा भेट देऊन अदबीने एक प्रश्न विचारणे हाच शहाणा मार्ग उरतो. संवाद हा येथे सजावटीपुरता नाही. तलवार उपसण्याची किंमत जास्त ठेवून मोहिमेने बोलण्याला खरे वजन दिले आहे. थंडरट्री गावातील व्हेनमफँग हा हिरवा ड्रॅगनही त्याच जातीचा : १३६ प्राणांक, सरासरी ४२ इजा करणारा विषारी श्वास, आणि समोर तिसऱ्या-चौथ्या पातळीची पात्रे. ज्या गटाने माघार आणि वाटाघाट हे पर्याय मनातून काढून टाकलेले आहेत, त्याचा शेवट येथे होतो.

मात्र नियमपुस्तिका या दृष्टीला साथ देत नाही. लढाईसाठी पाळीचा क्रम, हालचाल, कृती, प्रतिक्रिया, आडोसा असे सगळे बारकावे आहेत. संवादासाठी जवळजवळ एकच साधन आहे, ते म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकून ठरलेल्या आकड्याशी ताडून पाहणे. लढाईची एक फेरी कथेतल्या सहा सेकंदांची. चार फेऱ्यांची चकमक कथेत अर्ध्या मिनिटाच्या आत संपते, पण टेबलावर सहज पाऊण तास घेते. उलट ॲगाथाशी झालेली भेट, जी कथेच्या दृष्टीने कितीतरी मोलाची आहे, एका फाशाने निकालात निघते. जेथे नियम अधिक तेथे वेळ अधिक, आणि जेथे वेळ अधिक तेच खेळाडूला महत्त्वाचे वाटते, हा या संचातील असमतोलाचा खरा उगम आहे.

यावर उपाय डंजन मास्टरच्या, म्हणजे कथा सांगून खेळ चालवणाऱ्याच्या, हातात आहे आणि तो अवघड नाही. फासा आधी टाकू नये. खेळाडूने पात्राच्या तोंडून काय मागितले, बदल्यात काय देऊ केले आणि समोरच्याला कशाची भीती आहे हे ऐकून मगच आकडा ठरवावा. देकार चोख असेल, तर फाशाची गरजही नसते. तसेच पहिल्या हल्ल्यातील एक गॉब्लिन जिवंत हाती लागू द्यावा आणि गुहेचा ठावठिकाणा त्याच्याच तोंडून कळू द्यावा. एवढ्याने सुरुवातीची चुकीची शिकवण बरीच पुसली जाते. जे खेळाडू लाजरे आहेत त्यांना पात्राच्या आवाजात बोलण्याची सक्ती करू नये. ‘माझे पात्र त्याला दरडावते’ असे सांगणे ही देखील भूमिकाच आहे.

शेवटचा भाग, वेव्ह इको केव्ह, म्हणजे मोहिमेच्या नावातली हरवलेली खाण, मला सर्वांत फिका वाटला. एका दालनात जादूच्या भट्टीची राखण करणारा स्पेक्टेटर हा अनेक डोळ्यांचा तरंगता राक्षस आहे, ज्याच्याशी बोलून वाट काढता येते. तो प्रसंग सुंदर आहे. पण बाकी खाण म्हणजे एकामागून एक चकमकी, आणि मुख्य खलनायक नेझनार, अर्थात ब्लॅक स्पायडर, खेळाडूंना तोवर भेटलेलाच नसतो. ज्याचा आवाज कधी ऐकला नाही, त्याच्याशी अखेरच्या क्षणी बोलणी करावीत असे कोणाला का वाटेल? रेडब्रँडच्या अड्ड्यात सापडणारे त्याचे पत्र हा त्याचा आधीचा ठळक माग. ते पत्र डंजन मास्टरने पूर्ण, त्याच्या स्वरात वाचून दाखवावे, आणि क्रॅगमॉ किल्ल्यात असलेल्या त्याच्या रूपपालटू दूताला लढाईआधी त्याच्या वतीने एक मोहात पाडणारा देकार मांडू द्यावा, म्हणजे खाणीत तो समोर येईल तेव्हा त्याला हो म्हणायचे की नाही यावर गटात दोन मते झालेली असतील.