तिसरीच्या वर्गात वर्षभर वापरलेली छापील मूल्यमापन नोंदवही

गेल्या जूनमध्ये तालुक्याच्या एका स्टेशनरी दुकानातून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची (मुलांची प्रगती वर्षभर नोंदवत राहण्याची) छापील नोंदवही दीडशे रुपयांना घेतली आणि इयत्ता तिसरीच्या २८ मुलांसाठी दोन्ही सत्रे वापरली. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आल्यामुळे त्या वर्गांची गरज वेगळी आहे. हे मत तिसरीपुरतेच समजावे.

गुणांच्या कामासाठी नोंदवही उत्तम आहे. दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर या आकारिक (सत्रभर वर्गात चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या आठही साधनतंत्रांचे रकाने एकाच आडव्या पानावर येतात आणि त्यालाच लागून संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेचे) गुण व श्रेणी येत असल्याने सत्राअखेरीस पाने मागेपुढे करावी लागत नाहीत. मलपृष्ठावर अ-१ (९१ ते १०० टक्के) पासून ई-२ पर्यंतचा श्रेणी तक्ता आहे. एक चूक मात्र अक्षम्य वाटली. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानुसार तिसरी-चौथीला आकारिक ६० आणि संकलित ४० टक्के असा भारांश (एकूण गुणांतला वाटा) आहे, तर माझ्या प्रतीत गणिताच्या पानांवर पाचवी-सहावीचा ५०-५० छापलेला निघाला. प्रत्येक पानावर लाल शाईने दुरुस्ती करण्यात एक रविवार गेला.

खरी तक्रार मागच्या परिशिष्टाविषयी आहे. तेथे १६ पानांत ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ या शीर्षकांखाली प्रत्येक मुलाविषयी करायच्या वर्णनात्मक नोंदींसाठी शेकडो तयार वाक्ये दिली आहेत, आणि दुकानदारानेही नोंदवही त्यांच्याच जोरावर विकली. पहिल्या सत्रात वेळेअभावी मीही ती उतरवली. एका मुलाच्या नावापुढे ‘जोडाक्षरयुक्त शब्द वाचताना अडखळतो’ असे लिहिले आणि मोकळा झालो. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याला शेजारी बसवून वाचून घेतले, तेव्हा ‘पुस्तक’, ‘चिठ्ठी’, ‘डॉक्टर’ हे शब्द तो सरळ वाचत होता. ‘सूर्य’ मात्र ‘सूय’ आणि ‘पर्वत’ ‘पवत’ होत होते. त्याला जोडाक्षरे अडत नव्हती, फक्त रफार दिसत नव्हता. तीन-चार दिवस रफाराचे शब्द फळ्यावर घेतल्यावर तो सुधारला. माझ्या नोंदीवरून मात्र त्याला सगळी जोडाक्षरे पुन्हा गिरवायला लावली असती.

स्वतःची अशी नोंद करायला या नोंदवहीत जागाच नाही. वर्णनात्मक नोंदीचा रकाना जेमतेम दोन बोटे रुंद आहे, त्यात चार शब्दांपुढे काही मावत नाही, आणि कागद इतका पातळ की शाईपेनाचे अक्षर पाठीमागे उमटते. (तपासणीला येणारे साहेबही रकाना भरला आहे की नाही एवढेच पाहतात, हा भाग वेगळा.) दुसऱ्या सत्रात मी प्रत्येक मुलासाठी साध्या दोनशे पानी वहीत तीन पाने ठेवली आणि तारीख घालून दिसेल ते लिहिले.

येत्या जूनमध्ये भारांश पानोपानी तपासून हीच नोंदवही पुन्हा घेईन, कारण गुणांचे कोष्टक हाताने आखणे परवडत नाही. परिशिष्टाची १६ पाने मात्र स्टेपल करून बंद करणार आहे.