स्टेशनवरचं फुकट वायफाय की स्वतःचा हॉटस्पॉट?

भाचीने विचारलं, "मामा, गाडीला वेळ असला की लॅपटॉपवर बँकेचं काम उरकते. स्टेशनचं वायफाय घेऊ की मोबाइलचा हॉटस्पॉट?"

खर्चाचं म्हणशील तर रेल्वेचं वायफाय रोज पहिली 30 मिनिटं फुकट. पण बँकेच्या एका व्यवहाराला जेमतेम काही एमबी लागतात, त्यात वाचणार ते काय!

खरा प्रश्न सुरक्षिततेचा. वेबसाइटचा पत्ता एचटीटीपीएसने (https, म्हणजे माहिती सांकेतिक करून पाठवणारी जोडणी) सुरू होत असेल तर पासवर्ड वाटेत कुणाला वाचता येत नाही. मला भीती आहे ती तोतया वायफायची. स्टेशनच्याच नावाचं नेटवर्क शेजारच्या बाकावरूनही उभं करता येतं आणि तिथून खोटं लॉगिन पान समोर येतं. खरं वायफाय मोबाइल नंबर आणि ओटीपीवर चालतं. ईमेलचा पासवर्ड मागितला तर लगेच बाहेर पड. ब्राउझरने प्रमाणपत्राचा, म्हणजे वेबसाइटची ओळख पटत नसल्याचा, इशारा दिला तरी तेच. हॉटस्पॉटचं नाव आणि पासवर्ड तुझेच असल्याने हा धोका जवळपास उरत नाही.

बॅटरी मात्र भराभर उतरते.

बातम्या, व्हिडिओ, गाडीची वेळ यांना स्टेशनचं वायफाय चालेल. बँक, ईमेल, आयकर यांना हॉटस्पॉटच. परदेशात रोमिंग परवडत नसेल, तर भरवशाचं व्हीपीएन (तुझी माहिती सांकेतिक करून पाठवणारी सेवा) लावून हॉटेलचं वायफाय वापर.