आमच्यासारख्या फुकट राबणाऱ्यांसाठी चॅट कुठलं? आमचं मत झुलिपला

आमचा ग्रुप म्हणजे ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर करणारी पोरंपोरी, पगार नाही काही नाही, कुणी विद्यापीठात शिकतंय, कुणी उद्यमनगरात दिवसभर वर्कशॉप सांभाळून रात्री लॅपटॉप उघडतंय. अशा लोकांना चॅट कुठलं लागतं ते ऑफिसवाल्यांच्या रिव्ह्यूवरनं कळत नाही, कारण ऑफिसात माणूस रोज असतोय आणि आमचा एखादा गडी ऊसतोड सुरू झाली की गायब, तो थेट उन्हाळ्यातच उगवतोय. आल्यावर "दादा, त्या शब्दाचं काय ठरलं?" असं कुणाला विचारायची वेळ त्याच्यावर यायला नको, स्वतः शोधून मिळालं पाहिजे. माझ्यासाठी खरी परीक्षा एवढीच.

व्हॉट्सअ‍ॅप त्यात पहिल्यांदाच गळतं, पोरींचे नंबर सगळ्या ग्रुपला दिसणार हे तर अजिबात नको. स्लॅक दिसायला झकास, पण २०२२ पासून फुकटच्या प्लॅनमध्ये फक्त ९० दिवसांचं दिसतं, म्हणजे गणपतीत ठरलेला शब्द संक्रांतीला गायब, आणि माणशी पैसे भरायचे म्हटलं तर आमची वर्गणी चहाला पुरत नाही. डिस्कॉर्ड म्हणजे रंकाळ्यावरची संध्याकाळ, गप्पा लई भारी, पण काय ठरलं ते सकाळी कुणालाच आठवत नाही.

आयआरसी, म्हणजे इंटरनेटवरचं जुनं नुसत्या मजकुराचं चॅट, त्याबद्दल वाईट बोलवत नाही. १९८८ सालचं, अजून चालतंय. पण तुम्ही ऑफलाइन असताना झालेलं बोलणं बाउन्सर (तुमच्या वतीनं कायम ऑनलाइन राहून बोलणं साठवणारा प्रोग्राम) लावल्याशिवाय मिळत नाही, आणि ते नव्या पोराला समजवायला बसा! शिवाय २०२१ ला फ्रीनोड या आयआरसी नेटवर्कच्या मालकीवरनं भांडण झालं, तिथले स्वयंसेवक बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा चॅट हे नवं नेटवर्क काढलं, मग कित्येक प्रोजेक्टना वर्षानुवर्षांचा पत्ता बदलावा लागला. मॅट्रिक्स त्या बाबतीत चांगलं, सर्व्हर कुणाचाही असू दे, एकमेकांशी बोलता येतं, मोझिलावाले २०२० ला आयआरसी बंद करून तिकडंच गेले. फक्त सगळ्यांसाठी खुल्या रूममध्ये एन्क्रिप्शन चालू करू नका, एकदा केलं की बंद होत नाही आणि नव्याला जुनं वाचता येत नाही.

आता झुलिप. यात चॅनेलच्या आत प्रत्येक बोलण्याला विषय द्यायचा, सुरुवातीला पोरं जाम वैतागतात, "एवढं कशाला लगा" म्हणतात आणि सगळं एकाच विषयात कोंबतात. पण मेसेज नंतर दुसऱ्या विषयात हलवता येतात, काम झालं की विषयावर बरोबरची खूण करता येते, त्यामुळं आवराआवर करणारा एक खमक्या माणूस असला की भागतं. तो नसेल तर मात्र झुलिप घेऊ नका, सरळ सांगतो. बाकी चॅनेल खुला ठेवला की लॉगिन न करता कुणालाही वाचता येतं, आणि रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा, गणिताच्या सिद्धता तपासणारं लीन, असल्या मोठ्या प्रोजेक्टची माणसं इथंच बोलतात. दिसायला थोडं जुनाट वाटतं, स्टिकरबिकर पाहिजे असतील तर मजा नाही.

झुलिपचा सोर्स कोड खुला आहे, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं, शंभराच्या आतल्या ग्रुपला २ जीबी रॅमचा सर्व्हर पुरतो, पण तो अपडेट कोण करणार? आमच्यात तरी हात वर झाला नाही. झुलिपवाल्यांच्याच क्लाउडवर, म्हणजे त्यांनीच सांभाळलेल्या सर्व्हरवर, फुकटात १०,००० मेसेजपर्यंतचं दिसतं, ओपन सोर्स प्रोजेक्टनी अर्ज केला तर पुढचा प्लॅन फुकट देतात, तेव्हा आधी अर्ज टाका आणि मगच लोकांना बोलवा.