आईची कापडी बाहुली: काचेच्या पेटीत की ट्रंकेत?

घरातील जुनी कापडी बाहुली पुढच्या पिढीसाठी राखून ठेवायची म्हटले की बहुतेक घरांत दोनच पर्याय उरतात. एक म्हणजे फ्रेमवाल्याकडून काचेची पेटी करून घेऊन ती बैठकीच्या खोलीत लावणे आणि दुसरा म्हणजे सुती कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवणे. माझ्याकडे हे दोन्ही प्रकार होऊन गेले आहेत, त्यामुळे सध्या या विचारात असलेल्यांना माझ्या अनुभवाचा थोडाफार उपयोग व्हावा.

आजीने आईच्या भातुकलीसाठी शिवलेली बाहुला-बाहुलीची जोडी आमच्याकडे आली. दोघांचे कपडे आजीच्या एकाच डाळिंबी इरकली लुगड्यातून काढलेले, अंगात कापूस, डोळे काळ्या दोऱ्याने भरलेले आणि बाहुलीच्या अंबाड्याला काळी लोकर. चिपळूणच्या आमच्या घरी ही जोडी प्रथम एकाच काचेच्या पेटीत होती. पुढे बाहुला थोरल्या भावाकडे पुण्याला गेला, तो तेथेही काचेतच आहे. बाहुली मात्र माझ्याकडे ट्रंकेत राहिली.

काचेच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते मनापासून मान्य करतो. धुळीचा प्रश्न मिटतो, लहान मुलांचे हात लागत नाहीत आणि मुख्य म्हणजे वस्तू डोळ्यांसमोर राहते. भावाची नातवंडे येता-जाता त्या बाहुल्याविषयी विचारतात आणि त्यानिमित्ताने आजीचे, तिच्या शिवणाचे आणि भातुकलीतल्या लग्नाचे सगळे बोलणे निघते. ट्रंकेतल्या वस्तूला हे सुख नाही. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी, जेथे एका गृहस्थांनी आयुष्यभर जमवलेल्या नित्याच्या वापरातल्या वस्तू त्यांच्या अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने मांडल्या आहेत, काचेमागची खेळणी पाहिली की आपल्याही घरी असे काही असावे असे वाटणे अगदी साहजिक आहे. फरक इतकाच की संग्रहालयातील काच उघडणारी, तपासणारी माणसे नेमलेली असतात.

माझ्यापुरता निर्णय झाला तो एका क्षुल्लक वाटणाऱ्या कटकटीमुळे, ती म्हणजे पेटीच्या पाठीचे स्क्रू. काचेच्या पेटीची पाठ बहुधा प्लायवूडची असते, ती चारही बाजूंनी स्क्रूने आवळलेली असते आणि सांध्यांवर कागदी चिकटपट्टी ओढलेली असते. आषाढ लागला की कोकणात काचेला आतल्या बाजूने धुरकट वाफ धरते. बाहुलीच्या निऱ्यांवर एक करडा ठिपका दिसू लागतो आणि तो बुरशीचा आहे की काचेवरचा डाग आहे, हे बाहेरून काही केल्या कळत नाही. खात्री करायची तर पेटी भिंतीवरून उतरवा, चिकटपट्टी कापा, स्क्रू काढा, आतले पुसा, आणि मग पुन्हा सगळे बसवा. दर वेळी प्लायवूडमधली भोके थोडी सैल होतात, चिकटपट्टी नवी लागते आणि ते काम ‘रविवारी पाहू’ म्हणून पुढे ढकलले जाते. आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवावी असे कोणी सुचवते, पण ती पुडीही दमट झाली की बाहेर काढून कोरडी करावी लागते, म्हणजे पुन्हा स्क्रू आलेच. हवेतील आर्द्रता सुमारे ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की कापडावर बुरशी धरण्याचा धोका वाढतो, आणि आमच्याकडे पावसाळ्याचे महिने बहुतेक त्याच्या वरच जातात. अशा हवेत बंद पेटीत एकदा शिरलेला ओलावा बाहेर पडायला जागा नसते. दिवसभर नजरेसमोर असलेली वस्तू हाताला मात्र येत नाही, हे मला फार जाचले.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही आणि हे नुकसान दिवसांगणिक साठत जाते. म्हणून संग्रहालयांत कापडी वस्तूंवरचा प्रकाश साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपास ठेवण्याचा प्रघात आहे. दिवसा उजेड असलेली बैठकीची खोली याच्या कितीतरी पुढे असते, ऊन थेट पडत नसले तरी. माझ्याकडे मोजण्याचे यंत्र नाही; परंतु एका लग्नाच्या निमित्ताने भावाने बाहुला चिपळूणला आणला, तेव्हा आम्ही दोघांना शेजारी ठेवले. एकाच लुगड्याच्या कापडाचे दोन रंग झाले होते: बाहुलीचे लुगडे डाळिंबीच होते, बाहुल्याचा फेटा विटकरीकडे झुकला होता. भावाच्या मते तो फरक पूर्वीपासूनचा असावा. असेलही.

ट्रंकेतही दोष नाहीत असे नाही. पत्र्याची ट्रंक गंजते आणि गंजाचा डाग कापडातून सहसा निघत नाही, म्हणून तळाला व बाजूंना जाड सुती कापड हवेच. गुंडाळायला मी खळ पूर्ण निघेपर्यंत धुतलेले मांजरपाट वापरतो. वर्तमानपत्र नको, कारण त्या कागदातील आम्लाने कापड पिवळे पडते. प्लास्टिकची पिशवी तर नकोच. बाहुलीच्या कपड्याला टाचण्या असतील तर त्या आधी काढाव्यात. डांबराच्या गोळ्या मी ठेवत नाही, कारण बाहुली पुन्हा कोणा लहान मुलाच्या हाती जायची आहे आणि त्या गोळ्यांची वाफ लहानग्यांना चांगली नाही. वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवतो, मात्र त्यांच्यावर सगळा भार टाकत नाही. कसर लागते ती विशेषतः लोकरीला, आणि तिच्यावर खरा उपाय म्हणजे वर्षातून एकदा ट्रंक उपसणे. दसरा झाला, हवा कोरडी पडली की बाहुली सावलीत वाऱ्यावर ठेवायची, अंबाडा नीट पाहायचा, घड्या बदलायच्या आणि परत ठेवायची. झाकण उघडायला स्क्रू लागत नाहीत, म्हणून हे काम होते. ट्रंक माळ्यावर मात्र ठेवू नये, तेथे उन्हाळ्यात फार तापते. कपाटाच्या खालच्या भागात ठेवावी.

ट्रंकेचा मोठा धोका विस्मरणाचा आहे. घर रिकामे करताना अनोळखी गाठोडे टाकून दिले जाते. यासाठी मी सुती फितीवर आजीचे नाव, आईचे नाव आणि लुगड्याची हकीकत पक्क्या दोऱ्याने भरून घेतली आहे आणि ती फीत बाहुलीला सैलसर बांधली आहे. बैठकीच्या खोलीत बाहुलीचे छायाचित्र लावले आहे. त्याचा रंग उडाला तर दुसरे काढता येईल.

हे सगळे कापडी बाहुलीपुरते. सावंतवाडीची लाकडी, रंगवलेली ठकी असेल तर उन्हापासून दूर काचेच्या कपाटात ती चांगली राहील. जुनी सेल्युलॉइडची, म्हणजे पूर्वीच्या एका प्रकारच्या प्लास्टिकची बाहुली असेल तर दोन्हींपैकी काहीच हवाबंद नको, कारण त्या पदार्थातून निघणारी आम्लयुक्त वाफ कोंडली की ती त्यालाच खाते. शिवाय तो चटकन पेट घेतो. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत आणि उत्तरेच्या भिंतीवर काचेचा पर्याय माझ्या अनुभवापेक्षा बरा ठरणेही शक्य आहे.

तरीही काचच हवी असेल, तर फ्रेमवाल्याला पाठीला स्क्रू न मारता बिजागरी आणि छोटी कडी लावायला सांगावे आणि काच बाहुलीला टेकणार नाही इतकी खोली ठेवून घ्यावी. फ्रेमवाले सुरुवातीला ‘धूळ जाईल’ म्हणून नाही म्हणतात. दाराच्या कडेला वेल्व्हेटची पट्टी लावली की ती हरकत उरत नाही.