एनव्हीडीए, जॉज, ऑर्का की नॅरेटर? गोव्यातल्या अंध मराठी वापरकर्त्यासाठी तुलना

हे चारही स्क्रीन रीडर आहेत, म्हणजे पडद्यावरचं आवाजात वाचून दाखवणारे प्रोग्राम. आधी माझं मत सांगतो. लॅपटॉप विंडोजचा असेल आणि त्यावर कॉलेजचा अभ्यास, नोकरीचे अर्ज, ईमेल, बँक, वर्तमानपत्र एवढी कामं करायची असतील, तर एनव्हीडीए आजच उतरवून घ्या. जॉजसाठी पैसे साठवत वर्ष घालवू नका. लिनक्स या मुक्त (कोड सर्वांना खुला असलेल्या) ऑपरेटिंग सिस्टिमवरचा ऑर्का चांगला आहे, पण लिनक्स जाणणारं माणूस हाकेच्या अंतरावर असेल तरच. नॅरेटर विंडोजमध्ये असतोच. अडीनडीला तो कामाला येतो.

मी रोजचं सगळं काम स्क्रीन रीडरवर करतो आणि डिचोली-सत्तरी भागातल्या मुलांना जमेल तसं शिकवतो. घरचे लोक बहुतेक वेळा विचारतात, "यातला सगळ्यात भारी कुठला?" मराठी माणसासाठी आणखी दोन प्रश्न तितकेच महत्त्वाचे आहेत. मराठी वाचायला आवाज कुठला वापरणार? आणि समोर येणारा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, आहे का? हे दोन्ही जमलं नाही तर महागडा रीडरही गप्प बसतो नाहीतर अगम्य बडबडतो. त्याकडे पुढे येतोच.

एनव्हीडीए आणि जॉज

जॉज जुना आणि मुरलेला. टेड हेंटर हे अमेरिकन मोटरसायकल शर्यतपटू, अपघातात दृष्टी गेल्यावर प्रोग्रामर झाले. त्यांनी १९८९ मध्ये डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीसाठी जॉज काढला, पुढे तो विंडोजवर आला. एनव्हीडीए २००६ मध्ये मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने सुरू केला. संगणकाच्या किमतीवर आणखी तितकीच रक्कम अंध माणसानेच का मोजायची, हा त्याचा प्रश्न होता. जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र सोबत आला आणि २००७ मध्ये एनव्ही अ‍ॅक्सेस ही ना-नफा संस्था उभी राहिली. कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला आहे, म्हणून जगभरचे अंध प्रोग्रामर त्यात भर घालतात. हा फरक वापरताना जाणवतो. रोज कुठे अडखळायला होतं ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांनीच तो घडवला आहे.

किमतीचा फरक मोठा आहे. जॉजचा परवाना साध्या लॅपटॉपपेक्षा महाग पडू शकतो. परवाना न घेता तो एका वेळी ४० मिनिटं चालतो. पुन्हा चालवायचा तर संगणकच रीस्टार्ट करावा लागतो. नोकरीचा ऑनलाइन अर्ज भरणाऱ्या मुलीचा विचार करा. नाव, पत्ता, जात प्रमाणपत्राचा क्रमांक भरून झाला, फोटो चढवला, चित्रातली अक्षरं ओळखायच्या रकान्यापाशी कुणाची तरी वाट पाहत बसली आणि आवाज थांबला. रीस्टार्ट होईपर्यंत संकेतस्थळाने तिला बाहेर काढलेलं असतं. सगळं पहिल्यापासून. नमुना म्हणून बघायला ४० मिनिटं पुरतात. त्यावर कुणाचं शिक्षण उभं करू नये.

जॉज कुठे सरस आहे तेही सांगायला हवं. वर्डमधली लांबलचक कागदपत्रं, एक्सेलचे मोठे तक्ते, आउटलुक, आणि कचेऱ्यांमध्ये खास बनवून घेतलेल्या जुन्या प्रणाली. अशा प्रणालींसाठी जॉजमध्ये स्क्रिप्ट, म्हणजे ती प्रणाली कशी वाचायची याच्या सूचना, लिहिता येतात आणि ते काम पैसे घेऊन करणारे जाणकार मिळतात. एनव्हीडीएला पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली अ‍ॅड-ऑन जोडता येतात, त्यांचं स्टोअरही आता आतच आहे. पण एखाद्या कचेरीच्या बंदिस्त प्रणालीसाठी अ‍ॅड-ऑन कोण लिहून देणार, हा प्रश्न उरतो. नोकरीच्या जागी जॉज मिळत असेल तर जरूर घ्या, घरी एनव्हीडीए ठेवा. दोन्हींत वेब पानावर एच दाबलं की पुढचं शीर्षक, टी दाबलं की पुढचा तक्ता, बी दाबलं की पुढचं बटण. एकावर बसलेला हात दुसऱ्यावर लवकर रुळतो.

वेबएम या अमेरिकन संस्थेच्या २०२३-२४ च्या पाहणीत मुख्य रीडर म्हणून जॉज ४०.५ टक्के लोकांनी सांगितला, एनव्हीडीए ३७.७ टक्क्यांनी. अमेरिकेत नोकरी देणारे किंवा सरकारी योजना जॉजचे पैसे भरतात, तरीही अंतर एवढंच आहे. आपल्याकडे बहुतेक घरांना स्वतःच्या खिशातून खर्च करावा लागतो, त्यामुळे मला तरी हा आकडा एनव्हीडीएच्या बाजूचाच वाटतो.

एनव्हीडीएची आणखी एक सोय मला फार मोलाची वाटते. त्याची पोर्टेबल प्रत पेन ड्राइव्हवर ठेवता येते. कॉलेजच्या लॅबमध्ये, सायबर कॅफेत, मावशीच्या संगणकावर पेन ड्राइव्ह लावायचा आणि आपल्या आवाजासह, आपल्या सेटिंगसह काम सुरू करायचं. मर्यादा एवढीच की लॉगिनचा पडदा आणि प्रशासकाची परवानगी मागणाऱ्या चौकटी पोर्टेबल प्रत वाचू शकत नाही. म्हणून स्वतःच्या लॅपटॉपवर रीतसर इन्स्टॉल करा आणि साइन-इनच्या वेळी एनव्हीडीए चालू ठेवण्याचा पर्याय निवडा.

नॅरेटर

कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकत्र दाबलं की बोलायला लागतो. विंडोज १० पासून तो बराच सुधारला. पैसे लागत नाहीत, पण कोड मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात, आणि एनव्हीडीएइतका तो आपल्या सवयीप्रमाणे वळवता येत नाही. नव्या लॅपटॉपवर त्याच्याच मदतीने एनव्हीडीए उतरवून घ्यावा. दुसरा रीडर बिघडला की तोच धावून येतो, तेव्हा ही की लक्षात ठेवा.

ऑर्का आणि लिनक्स

ऑर्काबद्दल मला मनापासून आदर आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत सुरू झालेला हा प्रकल्प. २०१० मध्ये ओरॅकलने सन घेतल्यावर त्याचा पगारी आधार आटला, आणि मोजक्या माणसांनी तो जिवंत ठेवला. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात सुपर (म्हणजे विंडोजची की), ऑल्ट आणि एस दाबलं की ऑर्का सुरू होतो. डेबियन या दुसऱ्या प्रकारात तर इन्स्टॉल करतानाच बोलणारा पर्याय निवडता येतो, म्हणजे अंध माणूस कोऱ्या संगणकावर स्वतः ऑपरेटिंग सिस्टिम बसवू शकतो. जुन्या, संथ झालेल्या लॅपटॉपला लिनक्सने नवं आयुष्य मिळतं. केरळात तयार झालेलं अ‍ॅक्सेसिबल कोकोनट हे उबुंटू माटेवर बेतलेलं लिनक्स अंध वापरकर्त्यांसाठीच जुळवलेलं आहे. त्यात ऑर्का आणि छापील पान स्कॅन करून वाचणारा लिऑस तयार मिळतात. लिनक्सकडे वळायचं असेल तर इथूनच सुरुवात करा.

अडचण रोजच्या वापरात येते. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस ऑर्कावर नीट चालतात. पण एखादं अपडेट येतं आणि आवाजच बंद होतो. डेस्कटॉप बदलला की वागणूक बदलते. डोळस माणूस अशा वेळी पडद्यावरची चूक वाचून इंटरनेटवर उपाय शोधतो. आपल्याकडे आवाज गेला म्हणजे पडदाही गेला. पावसाळ्यात वाळपईच्या पुढच्या एखाद्या वाड्यावर, रेंज येते-जाते अशा ठिकाणी, परीक्षेच्या आदल्या रात्री असं झालं तर विचारायचं कुणाला? घरात किंवा शेजारी लिनक्सवाला असेल तर हा प्रश्न सुटतो. नसेल तर विंडोज आणि एनव्हीडीए बरा.

मुक्त सॉफ्टवेअर एका प्लॅटफॉर्मवर सुगम असलं म्हणून दुसऱ्यावर तसंच असतं असं नाही. ऑडॅसिटी हे उत्तम उदाहरण. भजनाचं, नाट्यसंगीताच्या बैठकीचं रेकॉर्डिंग कापायला, आवाज सारखा करायला आमच्याकडची बरीच गाणारी-वाजवणारी मंडळी ते वापरतात. विंडोजवर एनव्हीडीएसोबत सगळं कीबोर्डवरून होतं. तेच ऑडॅसिटी लिनक्सवर ऑर्काला नीट साथ देत नाही. लिब्रेऑफिस दोन्हीकडे चालतं, पण विंडोजवर लांब दस्तऐवजात एनव्हीडीए वर्डबरोबर जास्त चपळ वाटतो. डेझी आणि ईपब या स्वरूपांतल्या डिजिटल पुस्तकांसाठी थोरियम रीडर घ्या. तो मुक्त आहे, शीर्षकांवरून सरळ प्रकरणात जाता येतं, आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयातली अशी पुस्तकं त्यावर वाचता येतात.

मराठी आवाज आणि मजकूर

एनव्हीडीएसोबत ईस्पीक एनजी हा मुक्त आवाज येतो. त्यात मराठी आहे, कोकणीही आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो यंत्रासारखा कोरडा वाटतो आणि घरचे म्हणतात, "हे काय बोलतंय?" पण तो इंटरनेटशिवाय चालतो, की दाबल्याबरोबर बोलतो, आणि वेग कितीही वाढवला तरी शब्द फुटत नाहीत. कान बसायला थोडे दिवस द्या. दुसरा पर्याय विंडोजचे हेमंत आणि कल्पना हे हिंदी आवाज. कानाला ते गोड लागतात, देवनागरी वाचतात, इंग्रजीही वाचतात. मात्र 'चाक'मधला च हिंदी 'चाय'सारखा काढतात आणि 'झालं, केलं' यांचे अनुस्वार नाकात म्हणतात. बातमी ऐकायला चालतं. शुद्धलेखन तपासायला किंवा कविता ऐकायला मला ते सोसत नाहीत.

माझी पद्धत अशी: एनव्हीडीएत कॉन्फिगरेशन प्रोफाइल, म्हणजे सेटिंगचे वेगवेगळे संच, करायचे. एक इंग्रजी कामासाठी, एक मराठीसाठी, आणि इनपुट जेश्चरमध्ये प्रत्येकाला एक शॉर्टकट. ईमेलमधून मराठी वर्तमानपत्रात गेलं की एका दाबात आवाज बदलतो. संकेतस्थळाने पानाची भाषा नीट नोंदवली असेल तर एनव्हीडीए हे आपोआप करतो, पण मराठी संकेतस्थळं ही नोंद नेहमी करतातच असं नाही.

गोव्यात आणखी एक गंमतशीर पण त्रासदायक गोष्ट आहे: गावांची नावं. सरकारी संकेतस्थळांवर डिचोली आणि साखळी ही नावं पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगने असतात आणि इंग्रजी आवाज 'बिचोलिम', 'सांक्वेलिम' असं वाचतो. तालुक्यांच्या यादीतून आपला तालुका निवडताना नवखं मूल गोंधळतं. एनव्हीडीएच्या स्पीच डिक्शनरीत असं स्पेलिंग आणि त्याचा हवा तो उच्चार एकदा भरून ठेवा. पुढे कायम बरोबर ऐकू येतं. रोमी कोकणी मजकुराला मात्र हा उपाय पुरत नाही.

आता मजकुराकडे. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी डोळ्यांना मराठी दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती लॅटिन अक्षरं आणि चिन्हं असतात. शाळेची सूचना पीडीएफने आली, उघडली, आणि रीडर डॉलर, कंस, एकमेकांशी संबंध नसलेली इंग्रजी अक्षरं म्हणत सुटला, तर दोष रीडरचा नाही. जॉज घेतला तरी हेच ऐकू येणार. ओळखायची युक्ती सोपी: चार शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. तिथे देवनागरी आली तर ठीक, कचरा आला तर जुना फॉन्ट. अशी फाइल किंवा स्कॅन केलेलं पान वाचायला ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारं तंत्र, लागतं. एनव्हीडीएतलं ओसीआर विंडोजवर अवलंबून आहे आणि विंडोजच्या त्या यादीत देवनागरी नाही. टेसरॅक्ट हे मुक्त ओसीआर मराठी ओळखतं. छपाई स्वच्छ असेल तर निकाल चांगला येतो, जोडाक्षरांच्या गर्दीत चुका राहतात.

रोजचं वर्तमानपत्र ऐकायला माझा सल्ला फोनचा. अँड्रॉइडवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर आहे आणि गूगलचा मराठी आवाज विंडोजच्या हिंदी आवाजांपेक्षा आपल्या उच्चारांच्या कितीतरी जवळ आहे. लिहिण्याचं, अर्जांचं, हिशेबाचं काम मात्र लॅपटॉपवरच शिकवा. फोनवर भागतंय म्हणून संगणक टाळलेली मुलं नोकरीच्या वेळी मागे पडतात, हे मी जवळून बघतो आहे.

घेताना आणि मागताना

लॅपटॉप दुकानात हाताळून घ्या. इन्सर्ट की (रीडरच्या बऱ्याच आज्ञा तिच्यासोबत दिल्या जातात) सहज सापडते का, बाणांच्या की वेगळ्या उठून जाणवतात का, ते बोटांनी तपासा. इन्सर्ट अडचणीच्या जागी असेल तर एनव्हीडीएत कॅप्स लॉक वापरता येतो. शिकवणारा डोळस असेल तर एनव्हीडीएच्या साधनांमधलं स्पीच व्ह्यूअर उघडा. रीडर जे बोलतो ते पडद्यावर लिहून येतं, त्यामुळे त्या वेगवान आवाजात न अडकता त्याला सोबत राहता येतं. मराठी टायपिंग इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड मांडणीवरच शिकवा. ते युनिकोडच लिहितं, विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे सारखंच आहे, आणि सरकारी कामातही लागतं.

सरकारी नोकरी लागली तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० हाताशी ठेवा. दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी देणं सरकारी आस्थापनेवर बंधनकारक आहे. रुजू होताच लेखी अर्ज द्या आणि त्यात नुसतं 'स्क्रीन रीडर हवा' लिहू नका. कार्यालयाची प्रणाली एनव्हीडीएवर चालवून पाहावी, चालत नसेल तर जॉजचा परवाना आणि त्या प्रणालीसाठी स्क्रिप्ट द्याव्यात, आणि परिपत्रकं युनिकोडमध्ये पाठवावीत, अशा तीन मागण्या वेगवेगळ्या लिहा. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.