बीबीए की बी.टेक. मेकॅनिकल? उत्पादन-व्यवस्थापनाकडे जाऊ पाहणाऱ्यांसाठी

यंत्राच्या रचनेपेक्षा कारखाना चालतो कसा, माल वेळेवर निघतो कसा आणि पैसा अडकतो कुठे, या प्रश्नांत ज्याला अधिक रस आहे, अशा बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्यापुढे सोलापुरात राहून दोन सरळ वाटा असतात. एक तीन वर्षांच्या बीबीएची आणि दुसरी चार वर्षांच्या बी.टेक. मेकॅनिकलची, ज्यात ऐच्छिक विषय इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगकडे, म्हणजे उत्पादनाची आखणी आणि कार्यक्षमता यांच्या अभ्यासाकडे, झुकवून घेता येतात. माझ्या चुलतबहिणीने, म्हणजे ताईने, पहिली वाट घेतली. काही वर्षांनी मी दुसरी घेतली. आज ताई टेरी टॉवेलच्या निर्यातीच्या ऑर्डरी सांभाळते आणि मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात उत्पादनाचे नियोजन पाहतो. पुढचे सारे आम्हा दोघांच्या अनुभवाच्या मर्यादेत वाचावे.

दोन्हीकडे एक मोठा भाग सारखाच आहे, हे बाहेरून सहसा लक्षात येत नाही. ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे गणिताच्या आधारे कामाचे निर्णय घेण्याचे शास्त्र, दोन्हीकडे शिकवले जाते. मर्यादित साधनांची सर्वांत फायदेशीर वाटणी शोधणारी जॉर्ज डँट्झिग यांची 1947 ची सिम्प्लेक्स पद्धत, वाहतुकीचा व कामवाटपाचा प्रश्न, मोठ्या प्रकल्पाचे वेळापत्रक आखण्याच्या 1950 च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या पर्ट आणि सीपीएम या पद्धती, एका वेळी किती माल मागवावा हे सांगणारे फोर्ड हॅरिस यांचे 1913 चे किफायतशीर खरेदीचे सूत्र, ही नावे दोघांच्याही वहीत सापडतात. फरक आहे तो ही साधने किती खोलवर हाताळली जातात यात. एर्लांग यांनी 1909 मध्ये टेलिफोनच्या कॉलसाठी मांडलेला रांगेचा सिद्धांत घ्या. तासाला सरासरी 12 गाड्या येतात आणि 15 उतरवता येतात, तर एका गाडीला रांगेत सरासरी किती थांबावे लागेल, असा प्रश्न दोन्हीकडे असतो आणि त्याचे उत्तर 16 मिनिटे येते. गळीत हंगामात आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या यार्डात उसाचे ट्रॅक्टर तासन्‌तास उभे असलेले ज्याने पाहिले आहेत, त्याला हे उत्तर पटणार नाही. गाड्या एकमेकींपासून स्वतंत्रपणे येतात, या गृहीतकावर ते सूत्र उभे आहे. प्रत्यक्षात फडातून त्या जथ्याने निघतात, आणि मध्येच गाळप थांबले की सगळेच गणित कोलमडते. ज्याने अभियांत्रिकीच्या गणितात पॉयसन वितरण, म्हणजे अशा स्वतंत्र घटनांच्या संख्येची शक्यता सांगणारे गणित, नीट केले आहे, त्याला सूत्र कुठे लागू पडते आणि कुठे नाही हे सांगता येते. बीबीएत, निदान ताईच्या वेळी, सूत्र आणि उदाहरण एवढ्यावरच धडा संपत असे.

तरीही केवळ एवढ्यासाठी मी बीबीए नाकारले नसते. माझा निर्णय झाला तो ताईच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमुळे. विषय होता एका यंत्रमाग कारखान्याचे उत्पादन-नियोजन. कारखान्याच्या ऑफिसातून तिला एक छापील कागद मिळाला, त्यावर मागांची संख्या, पाळ्या, रोजचे उत्पादन आणि 70 टक्के कार्यक्षमता असे सगळे आकडे होते. शेडमध्ये जाण्याची परवानगी तिने मागितली, ती सौम्य शब्दांत नाकारली गेली आणि मार्गदर्शकांनाही त्यात काही वावगे वाटले नाही. तेव्हा मी बारावीत होतो आणि तिचे तक्ते टाईप करून देत होतो. माग मिनिटाला 120 पिक (आडवे धागे) मारतो आणि कापडात इंचाला 40 पिक आहेत, तर तासाला 180 इंच, म्हणजे सुमारे साडेचार मीटर कापड निघायला हवे. 70 टक्के धरले की ते 3.2 मीटरवर येते. मधले सव्वा-दीड मीटर कुठे जातात, हाच खरे तर नियोजनाचा सगळा प्रश्न होता, आणि त्या जाडजूड अहवालात तो एकदाही विचारला गेला नव्हता. धागा तुटतो म्हणून, आडव्या धाग्याची कांडी बदलायची असते म्हणून, उभ्या धाग्यांचा बीम संपतो म्हणून, वीज जाते म्हणून, की माग दुरुस्त करणारा जॉबर येईपर्यंत माग नुसता उभा राहतो म्हणून? ऑफिसने दिलेला आकडा तिने पुढच्या प्रत्येक तक्त्यात इमानाने वापरला आणि त्यावर सुबक आलेख काढले. अहवालाला चांगले गुण मिळाले. ताईची त्यात काहीच चूक नव्हती, कारण अभ्यासक्रमाने तिच्याकडून मोजमापाची अपेक्षाच केली नव्हती. मला मात्र ही गोष्ट तेव्हापासून सलत राहिली.

बी.टेक.च्या तिसऱ्या वर्षी वर्क स्टडीच्या, म्हणजे काम आणि त्याला लागणारा वेळ मोजण्याच्या, प्रात्यक्षिकात हातात स्टॉपवॉच आले. मोजलेल्या वेळेला कामगाराच्या गतीच्या रेटिंगने गुणायचे, त्यात विश्रांती आणि इतर अपरिहार्य थांब्यांची सूट मिळवायची आणि मग कामाची प्रमाण वेळ ठरवायची, हे कागदावर सोपे दिसते. पुढे प्रोजेक्टसाठी मागाच्या शेडमध्ये उभा राहिलो तेव्हा पहिल्याच पाळीत लक्षात आले की घड्याळ दिसताच विणकराचा हात एरवीपेक्षा भराभर चालू लागतो. त्या नोंदी बाजूला ठेवून, माणसे आमच्या असण्याला सरावल्यावर पुन्हा मोजावे लागले. त्यातून निघाले ते असे की धागा तुटण्यात जेवढा वेळ जातो असे सगळे म्हणत होते, त्याहून अधिक वेळ जॉबरची वाट पाहण्यात जात होता, कारण एकाच जॉबरकडे शेजारची शेडही होती. हे ऑफिसातल्या कुठल्याच कागदावर नव्हते. आज नियोजन करताना कुणी मला एखादी टक्केवारी दिली की ती कशी काढली हे मी आधी विचारतो, आणि ही सवय मला त्या चार वर्षांनी लावली.

अभियांत्रिकीची बाजू अशी मांडताना तिचा त्रासही सांगायला हवा. व्यवस्थापनाच्या ओढीने आलेल्या मुलाला पहिली दोन वर्षे जवळजवळ कोरडीच जातात. एम-थ्रीची, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरची, केटी (राहिलेला विषय पुन्हा देणे), ड्रॉईंगच्या शीट, थर्मोडायनॅमिक्स आणि फ्लुइड मेकॅनिक्स यांतून गेल्याशिवाय आवडीच्या विषयापर्यंत पोहोचताच येत नाही. जर्नल उतरवून काढण्यात जाणारा वेळ तर मला आजही वाया गेलेलाच वाटतो. या टप्प्यावर खचून जाणारी हुशार मुले मी पाहिली आहेत. दुसरीकडे, ताईला ताळेबंद वाचता येत होता, ग्राहकाशी ठामपणे बोलता येत होते आणि 90 दिवसांच्या उधारीत नफा कसा विरघळतो हे तिला पदवीच्या वयातच कळत होते. मला हे सारे नोकरीत, वरिष्ठांची बोलणी खात शिकावे लागले. शिवाय ती एक वर्ष आधी कमावती झाली, आणि काही घरांत हे एक वर्ष फार मोठे असते.

प्रवेशाविषयी थोडक्यातच सांगतो. बी.टेक.साठी गणितासह विज्ञान आणि एमएचटी-सीईटी लागते, बीबीए कोणत्याही शाखेनंतर करता येते. मात्र 2024 पासून त्यासाठीही राज्याची वेगळी सीईटी घेतली जाते. शहर सोडण्याची गरज दोन्हींसाठी नाही. अभियांत्रिकीसाठी वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी 1983 पासून इथे आहे. शुल्काचा बोजा अभियांत्रिकीत सहसा जास्त पडतो. परंतु कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतल्यास 2024-25 पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे, हे घरात हिशेब मांडताना विसरू नये.

पुढे एमबीएचे दार दोन्ही पदव्यांना उघडे आहे. उलट दिशेने, म्हणजे बीबीएनंतर यंत्राकडे यावेसे वाटले, तर पुन्हा पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. उद्योग-व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी 1963 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या आणि 2023 मध्ये आयआयएम मुंबई झालेल्या निटीनेही आपल्या इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी वर्षानुवर्षे अभियंतेच निवडले, यावरून या क्षेत्राने पाया कशाला मानला आहे याची कल्पना यावी.

ज्याचा कल विक्री, वित्त किंवा निर्यातीकडे आहे, ज्याला गणिताचा मनापासून कंटाळा आहे, किंवा ज्याला घरची पेढी लवकर हाती घ्यायची आहे, त्याने बीबीए घ्यावे असे मी मोकळेपणाने म्हणेन. ज्याला उत्पादनातच राहायचे आहे त्याच्यासाठी, माझ्या मते, चौथे वर्ष आणि एम-थ्री सोसण्यासारखे आहे. आणि उत्पादनात राहूनही बीबीएच करायचे ठरत असेल, तर प्रवेशापूर्वी कॉलेजात एवढे जरूर विचारावे की प्रोजेक्टच्या काळात विद्यार्थ्याला कारखान्याच्या शेडमध्ये उभे राहून स्वतः नोंदी घेता येतील, अशी व्यवस्था कॉलेज करून देते का. तशी सोय असेल तर माझा वरचा आक्षेप बराचसा गळून पडतो.